आधी इंजिन उतरवा, मग रंगाचं बोला!

मंडळी, मागच्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. परड्यात लोखंडी घोडी उभी, तिच्या चेनपुलीला लटकलेलं काळंकुट्ट इंजिन, आणि मागे बॉनेट नसलेली आमची फियाट. दात काढून ठेवलेल्या आजीसारखी दिसत होती बिचारी.

पंधरा मिनिटांत ग्रुप पेटला. आत्याचा पहिला मेसेज, "अरे देवा, आण्णांची गाडी मोडलीस होय रे?" वहिनीने विचारलं, भंगारवाला किती देतो म्हणाला. एका भाच्याने हात जोडलेली तीन चित्रं पाठवली, ती गाडीला श्रद्धांजली होती की मला, हे अजून कळलेलं नाही. आणि सगळ्यात शेवटी दादाचा मेसेज आला. "एवढं उतरवलंच आहेस, तर आता ते डबडं परत बसवू नकोस. नवीन इंजिन टाक. पैसे मी देतो."

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. चिंचवडला कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला इंजिनीअर माणूस, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला घरात वजन आहे. थंडीत त्याच्या लेकीचं लग्न आहे आणि नवरा-नवरीला याच गाडीतून न्यायचं असं त्याच्या मनात आहे. हेतू चांगलाच आहे. पण त्या एका वाक्यावर मी चार रात्री तळमळलोय. ग्रुपवर भांडलं की आत्या रडते, म्हणून इथे भांडतोय. दादा हे वाचतोच, फक्त कबूल करत नाही.

तर आधी थोडं गाडीविषयी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.

आमची गाडी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, घरात आणि गल्लीत फियाट. मूळ इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून ती 'डिलाइट' नावाने बनवली, पुढे 'प्रेसिडेंट' केली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ चा स्ट्रोक. ही मापं इटलीत १९३७ साली आलेल्या ११०० पासून चालत आलेली. म्हणजे आमच्या आण्णांनी नंबर लावून, वाट बघून गाडी घेतली तेव्हासुद्धा तिचं इंजिन वयाने जवळजवळ आण्णांच्याच बरोबरीचं होतं!

आण्णा गेले २००९ साली. गाडी माझ्याकडे राहिली, कारण परडं माझ्याकडे होतं. वाटणी अशीच झाली, कुणी काही बोललं नाही.

आता माझं पाप सांगतो. दुसऱ्याशी भांडायचं तर आधी स्वतःचं धुणं वाळत घालावं.

२०१३ साली मी ही गाडी 'रिस्टोअर' केली. म्हणजे काय केलं? एका नामांकित गॅरेजला दिली. त्यांनी तीन महिने ठेवली, पंच्याऐंशी हजार घेतले आणि आरशासारखी चकाचक करून परत दिली. दोन रंगांची. सीटला नवीन कव्हर, क्रोमला पॉलिश, चाकाला पांढरे पट्टे. मी सगळ्या नातेवाइकांना बोलावून पेढे वाटले. इंजिनाचं काय केलं असं चाचांनी विचारलं तेव्हा मी बिल दाखवलं. त्यात एक ओळ होती, 'इंजिन क्लीनिंग ॲण्ड पेंटिंग'. चाचांनी बिल घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "म्हंजे तोंडाला पावडर लावली. पोटाचं काय?"

चाचा म्हणजे आमचे मिस्त्री. १९८१ पासून ही गाडी त्यांच्या हाताखालची. आज वय चौऱ्याहत्तर. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. वाटलं, काम दुसऱ्याला दिलं म्हणून बोलतायत.

पुढची दहा वर्षं ती चकाचक गाडी तापत राहिली. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात काही नाही. रंकाळ्याला चक्कर मारा, अंबाबाईला जा, मस्त. पण रत्नागिरीहून परत येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो की काटा लालमध्ये. रेडिएटर धुतला. मग रेडिएटर बदलला. थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. घाटात बॉनेट उघडून उभं राहायची इतकी सवय झाली की आई निघतानाच चार बाटल्या पाणी जास्त घ्यायची. "जुनी गाडी आहे, तापणारच," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

मंडळी, 'जुनी आहे, होणारच' यासारखं आळशी वाक्य नाही. आपण हे गाडीबद्दल म्हणतो, घराबद्दल म्हणतो, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांबद्दल म्हणतो. तपासायचं टाळायला बरं पडतं.

शेवटी या वर्षी इंजिन उतरवलं. आणि आत काय निघालं ते ऐका.

इंजिनाचा ब्लॉक ओततात तेव्हा आतली पाण्याची पोकळी वाळूच्या साच्याने तयार करतात. ती वाळू काढायला ब्लॉकला गोल भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर पत्र्याच्या टोप्या ठोकतात. आमच्या इंजिनाच्या मागच्या टोकाच्या टोपीपर्यंत गाडीत असताना हातच पोचत नव्हता. ती टोपी चाचांनी छिन्नीने उडवली. आतून पाणी नाही आलं, चिखल आला! लालसर, घट्ट, पाटवड्यांच्या पिठासारखा. गेल्या पन्नास वर्षांत घातलेलं बोअरचं पाणी, त्याचा क्षार आणि ब्लॉकचा गंज, सगळं मागच्या सिलिंडरच्या भोवती बसलेलं. तिथे पाणी फिरतच नव्हतं. मी पुढे तीन-तीन वेळा रेडिएटर बदलत होतो आणि दुखणं मागे होतं. वाकवलेल्या तारेने आणि पाण्याच्या फवाऱ्याने खरवडून खरवडून आम्ही एक अख्खं पातेलं भरून चिखल काढला.

एवढ्यावर थांबलं नाही. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती डाव्या बाजूची रबरं चपटी होऊन लोखंडाला लोखंड लागत होतं. आणि त्याच्या खालच्या आडव्या पट्टीला बोटभर तडा. तड्यावर काय होतं सांगू? २०१३ चा रंग. सुंदर, गुळगुळीत, चकाकता रंग. इंजिन जागेवर ठेवून, जिथे पिचकारी पोचली तिथपर्यंत मारलेला.

त्या गॅरेजचं नाव मी लिहिणार नाही. कारण दोष एकट्या त्यांचा नाही. गिऱ्हाइकाने जे मागितलं ते त्यांनी दिलं. मी चमक मागितली होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इंजिन खाली न उतरवता केलेलं रिस्टोरेशन म्हणजे रंगरंगोटी. तिला रंगरंगोटीच म्हणावं, उगीच मोठा शब्द वापरू नये. इंजिन उतरवलं की गाडीला लपायला जागा राहत नाही. इंजिनाची मागची बाजू, क्लच, खालच्या पट्ट्या, स्टिअरिंगचे सांधे, वायरिंगची उंदरांनी कुरतडलेली टोकं, सगळं एका दिवसात समोर येतं. आणि मालकालाही लपायला जागा राहत नाही. आपण इतकी वर्षं काय केलं नाही, हे समोर टांगलेलं असतं.

"पण घरी कशाला? गॅरेजला द्यायचं ना," हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

घरी इंजिन उतरवणं हा खेळ नाही. हे वजन दोन माणसांनी हाताने धरायचं नसतं. माझा पहिला विचार होता की ओसरीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांना चेनपुली अडकवावी. आमच्या झोपाळ्यावर एका वेळी चार माणसं बसतात, मग इंजिनाला काय झालं? चाचांनी तुळईला स्क्रूड्रायव्हर लावून जरा दाबला. तो दोन बोटं आत गेला. वाळवी! त्याच झोपाळ्यावर आदल्या दिवशी आई बसून शेंगा सोलत होती. म्हणजे इंजिनाने गाडीचंच नाही, घराचंही दुखणं दाखवलं. मग उद्यमनगरातून लोखंडी घोडी आणि चेनपुली भाड्याने आणली. कुणी हे वाचून करणार असाल तर एवढं ऐका. घोडीचे पैसे वाचवू नका, आणि लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय-डोकं काहीही घालू नका, एक सेकंदसुद्धा.

बाकी काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. दोन रविवार तयारीत गेले. आधी बॅटरी सोडली. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेनने रेघ मारून घेतली, म्हणजे परत बसवताना फट सारखी येते. पाणी काढलं, ऑइल काढलं, पेट्रोलची नळी सोडून तिचं तोंड बंद केलं. रेडिएटर बाहेर. मग वायरी, ॲक्सिलरेटर आणि चोकच्या जोडण्या, कार्बोरेटर, डायनामो, स्टार्टर. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून माझ्या लेकीने नंबर घातले. प्रत्येक नट-बोल्ट-वायसर वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडायच्या आधी फोटो. बावीस वर्षांची पोरगी, आधी म्हणाली होती, "बाबा, मला यातलं काही कळत नाही." दुसऱ्या रविवारी मी पाना उलटा फिरवतोय हे तिनेच सांगितलं.

सायलेन्सरच्या पाइपाचे नट मात्र गंजून एकजीव झालेले. त्यांना दोन रात्री तेल पाजलं. पूर्वी अशा कामाला रॉकेल असायचं, आता रॉकेल शोधूनही मिळत नाही, म्हणून धुवायला डिझेल आणलं. चार नटांपैकी तीन सुटले. चौथा तुटला. तुटायचाच होता.

शेवटचा टप्पा गिअरबॉक्सपासून इंजिन वेगळं करायचा. गिअरबॉक्सखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा. चेन जरा ताणून इंजिनाचं वजन तोललं, मग गोल घेरातले बोल्ट काढले. आता इंजिन सरळ पुढे यायला हवं. येईना. मी पहार घेतली आणि चाचा पहिल्यांदा ओरडले. "पहार ठेव खाली! वजन शाफ्टवर टाकू नगंस!" गिअरबॉक्समधून एक दांडा क्लचच्या प्लेटमध्ये गेलेला असतो. इंजिन त्यावर लटकलं तर प्लेट वाकते, दांडाही दुखावतो. चाचांनी चेन अर्धी कडी खाली घेतली, इंजिनावर तळहात ठेवला, बाळाला झोपवताना हलवतात तसं डावी-उजवीकडे हलवलं. 'खळक' असा आवाज झाला आणि ते चार बोटं पुढे सरकलं. बस. मग वर.

हे गॅरेजमध्ये झालं असतं तर तासाभरात उरकलं असतं, कबूल. पण मला चिखलाचं पातेलं दिसलं नसतं. बिलावर एक ओळ आली असती. गॅरेजवाले वाईट असतात असं नाही, पण मालक समोर नसला की न दिसणारं काम टळतं, हा मनुष्यस्वभाव आहे. ज्याला घरी जागा नाही, जाणकार माणूस नाही, त्याने जरूर गॅरेजला द्यावं. फक्त इंजिन उतरवतील त्या दिवशी रजा टाकून तिथे उभं राहावं.

आता दादाच्या मुद्द्याकडे. दादा, चहा घे आणि वाच.

तू म्हणतोस नवीन इंजिन टाक. एखादं १.२ लिटरचं, घाटात तापणार नाही, मायलेज देईल, पार्ट कोपऱ्यावर मिळतील. ऐकायला छान आहे. पण तू इंजिनीअर आहेस, तूच हिशेब कर. आपल्या गाडीच्या इंजिनाची ताकद चाळिशीच्या आसपास अश्वशक्ती. तू म्हणतोस त्याची जवळपास दुप्पट. गाडीला मात्र चारी चाकांना ड्रम ब्रेक. स्टिअरिंग, सस्पेन्शन, मागचा ॲक्सल, सगळं त्या चाळिशीच्या हिशेबाने बनवलेलं. म्हणजे पळायची ताकद दुप्पट आणि थांबायची तेवढीच. मग ब्रेक बदला. मग चाकं बदला. मग ॲक्सल. शेवटी आपल्याकडे आण्णांच्या गाडीचा पत्रा उरेल आणि आत दुसरीच कुणी बसलेली असेल.

आणि पत्राही तसाच राहणार नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं शरीर हाच तिचा सांगाडा. नवीन इंजिन बसवायला पट्ट्या कापाव्या लागतात, इंजिन आणि केबिनमधला पत्रा ठोकावा लागतो, स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरचं काय करायचं तो वेगळाच प्रश्न. एकदा कापलेलं परत येत नाही.

कायद्याचंही सांगतो. आर.सी.वर चेसिस नंबर असतो तसाच इंजिन नंबर असतो. इंजिन बदलायचं तर आर.टी.ओ.ची परवानगी आणि नोंद लागते, नाहीतर ती गाडी कागदावर ती गाडीच राहत नाही. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आपली २०२५ साली पन्नास पूर्ण झाली. इंजिन कापून दुसरं बसवलं की हा दरवाजा कायमचा बंद.

मी तो दरवाजा उघडणार आहे का? नाही! कारण व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. मला आईला अंबाबाईला न्यायचंय. म्हणून मी दर वेळी रीतसर फेरनोंदणीच करणार, वीस वर्षांवरच्या मोटारीची फी २०२५ पासून दहा हजार झाली असली तरी. पण म्हणून पुढच्या पिढीचा दरवाजा मी का बंद करू? माझ्या लेकीला उद्या हवा असेल तर?

प्रदूषणाचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. माझी पुतणी पर्यावरणात एम.एस्सी. करते, तिने मला सरळ विचारलं, "काका, हिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे का?" नाही. कार्बोरेटरचं इंजिन नव्या गाडीइतकं स्वच्छ कधीच होणार नाही, हे मी मान्य करतो. दररोज तीस किलोमीटर ऑफिसला जायला कुणी अशी गाडी वापरत असेल तर मी त्याच्या बाजूने बोलणार नाही. आमची गाडी वर्षाला हजार किलोमीटर जेमतेम धावते. आणि त्यातही, रिंगा झिजून ऑइल जाळणारी आणि निळा धूर सोडणारी फियाट वेगळी, नीट बोअर केलेली वेगळी. ज्याला धुराची काळजी आहे त्याने तर आधी इंजिन उतरवायला हवं. रंगाने धूर कमी होत नाही.

"म्हणजे तुला काहीच बदलायचं नाही," असं दादा म्हणेल. तसं नाही. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. ते आपल्या जुन्या रबरी नळ्यांना आणि पेट्रोल पंपाच्या पडद्याला मानवत नाही. त्या नळ्या मी इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. आता बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट घालणार. पुढच्या सीटला पट्टे बसवणार, आण्णा असते तर हसले असते, तरी बसवणार. माझी कसोटी एवढीच आहे की गाडी चालावी म्हणून केलेला बदल चालेल, पण गाडीला हात लावायचा कंटाळा म्हणून केलेला नको. नवीन इंजिन हा दुसऱ्या जातीचा बदल आहे. जुनं का बिघडलं ते शोधायचंच नाही म्हणून केलेला.

आणि समजा ब्लॉकच फुटला असता तर? तर मी हट्ट केला नसता. दुसऱ्या पद्मिनीचा, त्याच १०८९ सीसीचा ब्लॉक शोधून, नोंद करून बसवला असता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. इतकी वर्षं हजारो टॅक्सीवाल्यांनी हेच इंजिन उघडलं, बोअर केलं, परत बसवलं आणि त्यावर घरं चालवली. त्यांना कुणी 'डबडं' म्हणायला शिकवलं नव्हतं. आता त्या टॅक्सी गेल्या, त्यांच्याबरोबर त्या दुरुस्त करणारे हातही एकेक करून जातायत. मला खरी काळजी त्याची आहे. पार्ट कुठूनतरी मिळतात. इंजिनावर तळहात ठेवून ते कुठे अडलंय हे सांगणारा माणूस कुठून आणणार?

चाचांची दोन्ही मुलं या धंद्यात नाहीत. एक बँकेत आहे, एक दुबईला. चाचांना त्याचा अभिमानच आहे. पण त्या दिवशी लेकीने पिशव्यांवर घातलेली नावं बघून ते बराच वेळ गप्प होते. मग तिला म्हणाले, "ह्यो फोटो मला पन पाठव." त्यांच्याकडे साधा फोन आहे, फोटो दिसत नाही. तिने प्रिंट काढून दिल्या. नवीन इंजिन टाकलं असतं तर चाचांना बोलवायची गरजच नव्हती.

असो. सध्या ब्लॉक उद्यमनगरात लेथवर जाऊन आलाय. गेजने मोजल्यावर सिलिंडर बरेच ओव्हल निघाले, बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घातले. क्रँक ग्राइंड केला, बेअरिंगं, टायमिंग चेन, क्लच प्लेट, गॅस्केट सगळं नवीन. तडा गेलेली पट्टी रंग खरवडून, आतून पट्टी देऊन वेल्ड केली. एकूण बावन्न हजार. २०१३ च्या रंगापेक्षा कमी. चमक शून्य. आंबा घाटात काय होतं ते अजून बघायचंय, म्हणून आत्ता शेखी मिरवत नाही. तापली तर तेही इथेच लिहीन.

आणि दादा, आता एक शेवटचं. तू याच गाडीवर गाडी शिकलास. पापाच्या तिकटीजवळ तू हिला दुधाच्या सायकलवर घातलीस आणि आण्णांनी तुला न रागावता आधी दूधवाल्याचे पैसे दिले, ही गोष्ट तू अजून प्रत्येक लग्नात सांगतोस. ती गोष्ट सांगताना तू इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवतोस. तो आवाज याच इंजिनाचा आहे. तुझ्या लेकीच्या वरातीत दुसऱ्याच कुणाचा आवाज कशाला?

इंजिन परत बसवायचं काम येत्या रविवारी आहे. खाली घेताना एकाने चेन सोडायची, एकाने पुढून धरून दिशा द्यायची आणि एकाने खालून गिअरबॉक्सच्या जॅककडे बघायचं. चाचांना आता वाकवत नाही, ते खुर्चीत बसून सांगणार. मी आहे, लेक आहे. एक माणूस कमी पडतोय.

शनिवारच्या रात्रीच्या गाडीने ये. पैसे नकोत, जुने कपडे आण.